दुकान सांभाळून नेम

२०१४च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या तिघांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदके मिळवली. गावात ताकद आणि तालमीची शिस्त किती आहे, याला आणखी पुरावा नको. तरीही इथला एखादा वेल्डर किंवा मोटार रिवाइंडिंगवाला ५० मीटर रायफलमध्ये त्या उंचीला पोचणे फार अवघड आहे, आणि अडचण त्याच्या हातात वा नजरेत नाही, खर्चात आहे. लोखंडी बार एकाने खाली ठेवला की दुसरा उचलतो. काडतूस उडाले की संपले. त्यातल्या थ्री पोझिशन प्रकाराच्या पात्रता फेरीतच गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने प्रत्येकी २०, म्हणजे ६० गोळ्या लागतात. सरावाच्या गोळ्या त्याच्या कितीतरी पट.

नेमबाजी म्हणजे तीक्ष्ण डोळा, हा समज सोडायला हवा. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे, रायफल आठ किलोपर्यंत. ते वजन दंडाच्या जोरावर पेलले की हात थरथरतो. म्हणून उभ्याने मारताना डावे कोपर कमरेशी टेकवून भार हाडांवर घेतात. डोळे मिटून श्वास सोडायचा, पुन्हा उघडायचे. नळी बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढायची नाही, पाय किंचित सरकवायचा. लेथवर जॉब नीट बांधला नाही तर धारदार हत्यारही काम बिघडवते, तसेच हे. म्हणूनच मला वाटते, कारागिराला हा खेळ परका नाही. ब्रिटनचा माल्कम कूपर रायफली बनवण्याच्या धंद्यातला होता आणि १९८४ व १९८८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने याच प्रकारात जिंकली.

मग इथल्या कारागिरानेही धंदा सांभाळून खेळावे, असे कोणी म्हणेल. पण कूपरचा धंदाच रायफलचा होता; आपल्याकडे शटर खाली ओढले की त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून खेळाडूला पगाराची नोकरी हवी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला, २०१५ मध्ये रेल्वेत लागला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेऊन उभा राहिला. पगार मिळाला की खेळाडू सुस्तावतो, या आक्षेपाला नोकरीनंतरची ही नऊ वर्षेच उत्तर आहेत. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली, आणि टोकियोत पहिले ऑलिंपिक खेळली तेव्हा चाळिशीत होती. इतका लांबचा पल्ला असेल तर पोटाची सोयही तितकीच टिकाऊ लागते. मात्र नोकरीची वाट बहुतेकदा नाव झालेल्यांसाठीच उघडते. वर्कशॉपमधला मुलगा त्याआधीच गळतो. नेमबाजीवर खर्च होईल तेवढ्या पैशात वेटलिफ्टर जास्त घडतील, हे खरे आहे. तरी १० मीटर एअर रायफलचे छर्रे काडतुसांपेक्षा खूप स्वस्त असतात आणि तिला एक लांब खोली पुरते. कुरुंदवाडला अशी रेंज झाली तर ती संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर उघडी हवी, आणि रायफल सामाईक हवी, तालमीतल्या बारसारखी.