डिगॉक्सिनचं कार्ड

अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर तिथल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा परवाना लागतो, आणि त्याआधी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा पास व्हावी लागते. २०१५ पासून कॅनडानेही हीच परीक्षा घेतली आहे. आपल्याकडून या परीक्षेला बसणाऱ्या सिस्टर्स बहुतेक नोकरी करतच अभ्यास करतात. लोकलमध्ये, नाइटच्या मधल्या निवांत तासात, घरी मुलं झोपल्यावर. म्हणून झटपट उजळणीची कार्डं सगळ्यांना हवीशी वाटतात: एका कार्डावर एक माहिती, चौघींनी विषय वाटून घ्यायचे, आणि बनवलेली कार्डं एकमेकींना द्यायची. पद्धत चांगली आहे. मी मात्र पहिली चारशे कार्डं सुंदर अक्षरात, रंगीत पेनांनी लिहिली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त नंतर फाडली. आपली तशी फाडावी लागू नयेत, म्हणून हे सगळं क्रमाने सांगते.

आधी परीक्षेची चाल समजून घेऊ. ही परीक्षा संगणकावर होते आणि समोरच्या उमेदवाराप्रमाणे बदलत जाते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, चुकलं की थोडा सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५० आणि वेळ ५ तास. आपण पास होण्याच्या रेषेच्या वर आहोत की खाली, याची संगणकाला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा थांबते. म्हणून ८५ ला थांबली तर पास की नापास, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. शंभराच्या पुढे गेली म्हणून रडू फुटण्याचंही कारण नाही.

१ एप्रिल २०२३ पासून या परीक्षेचं नवं रूप आलं. त्यात एकाच रुग्णाची हकिगत देऊन त्यावर सहा प्रश्न विचारतात. रुग्णाच्या नोंदींतून महत्त्वाची खूण ओळखा, तिचा अर्थ लावा, सगळ्यांत धोक्याचं काय ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, आणि गुण आला का ते पाहा. पाठ केलेला आकडा यातल्या पहिल्या दोन पायऱ्यांवर उपयोगी पडतो. पुढच्या चार पायऱ्यांवर आपली आपणच असतो.

माझं डिगॉक्सिनचं पहिलं कार्ड असं होतं: ‘डिगॉक्सिन, ०.५ ते २ नॅनोग्रॅम. पोटॅशियम, ३.५ ते ५.’ दोन्ही आकडे बरोबर होते. मग सरावात प्रश्न आला की डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाला मळमळतंय, गोळीची वेळ झाली आहे, नर्सने आधी काय करावं? मी ‘डॉक्टरांना कळवणे’ यावर बोट ठेवलं आणि चुकले. कार्डात आकडा होता, काम नव्हतं.

आता दुसऱ्या पायरीवर येऊ, म्हणजे कार्ड लिहिणं. पुढच्या बाजूला माहिती न लिहिता प्रसंग लिहा: ‘डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड दोन्ही चालू. सकाळपासून जेवण नको म्हणतो, मळमळ, दिव्याभोवती पिवळं वलय दिसतं. गोळीची वेळ झाली. आधी काय?’ मागच्या बाजूला लिहा: ‘गोळी हातातच ठेवा. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर गोळी द्यायची नाही. डिगॉक्सिन आणि पोटॅशियमची पातळी पाहा. मग डॉक्टरांना कळवा.’

त्याखाली एक ओळ ‘का’ची हवीच. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, लघवीवाटे पोटॅशियम बाहेर काढतं. पेशींच्या पंपावर पोटॅशियम आणि डिगॉक्सिन एकाच जागेसाठी भांडतात. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं, आणि रक्तातली पातळी ठीक दिसत असूनही विषबाधा होऊ शकते. ही ओळ एकदा समजली की वेगळा आकडा, वेगळा रुग्ण, वेगळं लघवीचं औषध आलं तरी आपण अडत नाही. ‘का’ लिहिता येत नसेल तर ते कार्ड अजून तयार झालेलं नाही असं समजा.

कुठल्या गोष्टी कार्डावर घ्यायच्या? जिथे चुकलं तर रुग्णाच्या जिवावर बेतेल, त्या आधी. पोटॅशियम थेट शिरेत ढकलायचं नाही, कधीच नाही. हेपॅरिनवर उतारा प्रोटामाइन, वॉरफॅरिनवर व्हिटॅमिन के. मॅग्नेशियम सल्फेट चालू असलेल्या बाळंतिणीच्या गुडघ्याचा झटका, म्हणजे हातोडीने ठोकल्यावर उडणारा पाय, उडेनासा झाला की औषध बंद करायचं आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं. क्षयरोग, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात, म्हणून एन-९५ मास्क आणि वेगळी खोली. सी-डिफ नावाच्या जंतूच्या जुलाबात अल्कोहोलच्या सॅनिटायझरने भागत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे, कारण त्या जंतूचं कठीण कवचाचं बीज अल्कोहोलने मरत नाही. दुर्मिळ आजारांची लांबलचक नावं मागाहून.

तिसरी पायरी नावांची आणि मापांची. आपल्या मुली सगळ्यांत जास्त इथेच अडखळतात, आणि कारण अभ्यास कमी पडला हे नसतं. वर्षानुवर्षं आपल्या तोंडात बसलेलं औषध तिथे दुसऱ्या नावाने येतं. पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होतं, ॲड्रेनालिन एपिनेफ्रिन होतं, साल्बुटामॉल अल्ब्युटेरॉल, पेथिडीन मेपेरिडीन. शिवाय प्रश्नात औषधाचं मूळ नाव येतं, कंपनीचं नाही. वॉर्डात आपण ‘लॅसिक्स द्या’ म्हणतो, परीक्षेत फ्युरोसेमाइडच लिहिलेलं असतं. म्हणून प्रत्येक औषधाच्या कार्डाच्या कोपऱ्यात दोन्ही नावं लिहा. ॲसिटामिनोफेन अती झालं तर उतारा ॲसिटिलसिस्टीन, हे पाठ असूनही ॲसिटामिनोफेन म्हणजे आपलं पॅरासिटामॉल हेच न कळल्यामुळे गुण जावेत, यासारखी हळहळ नाही.

मापांचंही तसंच. एक किलो म्हणजे २.२ पौंड. एक औंस म्हणजे ३० मिली. रुग्णाने ८ औंस बर्फाचे तुकडे चघळले तर इनटेकमध्ये २४० नव्हे, १२० मिली लिहायचे, कारण बर्फ वितळून निम्मंच पाणी होतं. आखातात किंवा इंग्लंडात काम केलं असेल तर रक्तातली साखर मिलिमोलमध्ये वाचायची सवय लागलेली असते. ५.५ मिलिमोल म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम, हे एक कार्ड डोळ्यांसमोर ठेवा.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट येते, जी कुठल्याही आकड्यात मावत नाही: तिथल्या वॉर्डाची रीत. आपल्याकडे मावशी, वॉर्डबॉय, स्टाफ आणि इन्चार्ज अशी उतरंड. तिथे आरएन, तिच्याखाली एलपीएन म्हणजे कमी मुदतीचं शिक्षण घेतलेली परवानाधारक नर्स, आणि त्याखाली परवाना नसलेले सहायक. कुणाला कुठलं काम सोपवायचं यावर हमखास प्रश्न येतात. स्थिर रुग्णाची आंघोळ, चालवणं, ठरलेल्या वेळचं बीपी आणि ताप सहायकाला देता येतं. नव्याने दाखल झालेल्या रुग्णाची पहिली तपासणी, डिस्चार्जच्या वेळचं शिकवणं आणि उपचाराचा गुण आला का हे ठरवणं आरएनने स्वतःकडेच ठेवायचं.

भाषा न समजणाऱ्या रुग्णाशी बोलताना त्याच्या मुलीला दुभाषी करणं आपल्याला स्वाभाविक वाटतं, पण परीक्षेत ते चूक ठरतं. तिथे प्रशिक्षित दुभाषीच बोलवायचा. ऑपरेशनच्या संमतीचंही असंच. शस्त्रक्रिया समजावून सांगणं सर्जनचं काम, नर्स सहीची साक्षीदार. रुग्ण सही करताना ‘नक्की काय कापणार आहेत?’ असं विचारू लागला तर आपण समजावत बसायचं नाही, सर्जनलाच बोलवायचं. डिगॉक्सिनच्या वेळी डॉक्टरांना आधी बोलवणं चुकलं होतं, इथे तेच बरोबर. म्हणून ‘डॉक्टरला कळवा हा पर्याय कधीच निवडू नये’ असा जो मंत्र अभ्यासाच्या गटांतून फिरतो, तो कृपा करून आपल्या कार्डात उतरवू नका. आपल्या हातात अजून तपासण्यासारखं किंवा करण्यासारखं काही उरलंय का, एवढंच स्वतःला विचारा.

चौथी पायरी पडताळणी. हाताने लिहिताना शून्य गळतो, टिंब सरकतं. औषधाच्या बाबतीत टिंब सरकणं म्हणजे दहापट डोस. म्हणून एकीने लिहिलेलं कार्ड दुसरीने पुस्तकाशी ताडल्याशिवाय तिसरीकडे जाऊ नये, आणि कार्डामागे पुस्तकाचं नाव आणि पान लिहावं. दोन पुस्तकांत नॉर्मलच्या सीमा थोड्या वेगळ्या सापडतील, एकात पोटॅशियम ५ पर्यंत, दुसऱ्यात ५.१. गटाने एक पुस्तक प्रमाण मानावं आणि वाद तिथेच संपवावा. कुठून आलं ते माहीत नसलेली, दहा जणींकडून फिरत आलेली यादी कितीही देखणी असली तरी ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. विशेषतः जुनी असेल तर. ‘७५ प्रश्नांत सुटका’ असं लिहिलेली यादी एप्रिल २०२३ च्या आधीची आहे, हे लगेच ओळखता येतं.

आता वाटून घेणं. चौघींचा गट पुरतो, दहा जणींत निम्म्या नुसत्या वाचतात. आठवड्याला प्रत्येकीची वीस कार्डं पुष्कळ झाली. एक मर्यादा मात्र पक्की पाळा: परीक्षा देऊन आलेल्या मैत्रिणीला ‘काय काय आलं होतं?’ असं विचारू नका, आणि तिनेही सांगू नये. प्रश्न बाहेर न सांगण्याचं तिने परीक्षेआधी मान्य केलेलं असतं. ते मोडलं तर तिचा निकाल रोखला जाऊ शकतो, आणि आपल्याही पदरात भलतंच काही पडतं. दुसऱ्याची कार्डं घ्या, पण ‘का’ची ओळ पुसून स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. माझ्या डिगॉक्सिनच्या कार्डामागे ‘पोटॅशियम उठलं, डिगॉक्सिन खुर्चीत बसलं’ असं लिहिलं आहे. परीक्षकाला ते कुठे दाखवायचंय?

शेवटी उजळणी. कार्ड नुसतं वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असा घोळ होतो. पुढची बाजू वाचा, कार्ड झाका, उत्तर मोठ्याने म्हणा, मगच उलटा. चुकलेलं कार्ड उद्याच्या गठ्ठ्यात, बरोबर आलेलं तीन दिवसांनी, पुन्हा बरोबर आलं तर आठवड्याने. ‘लागू असलेले सगळे निवडा’ या प्रश्नांसाठी एक सवय वेगळी लावा. तिथे बरोबर पर्यायाला गुण मिळतो आणि चुकीच्याला कापतात, तेव्हा अंदाजाने सगळ्यांवर खुणा करत सुटू नका. प्रत्येक पर्याय स्वतंत्र हो किंवा नाही म्हणून सोडवा.

आठवड्याच्या गठ्ठ्यातून तीनदा बरोबर आलेली कार्डं मी रबर लावून बाजूला काढत असे. परीक्षेच्या आदल्या दिवशी हातात सदतीस कार्डं उरली होती. त्यांत डिगॉक्सिन नव्हतं. मॅग्नेशियमची दोन होती.