पायाची नाडी पाहिली का? हातापायांच्या रक्तप्रवाहाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वऱ्हाडात पायांची तक्रार नाही असं घर सापडणं कठीण. कोणाच्या पायाला मुंग्या येतात, कोणाच्या पोटरीत रात्री गोळे येतात, कोणाच्या तळव्यांची आग होते, तर कोणाचे पाय ऐन मे महिन्यातही गार पडतात. या सगळ्यांवर घरबसल्या निदान एकच: ‘रक्त बरोबर फिरत नाही.’ मग तिळाचं तेल येतं, गरम पाण्याची बादली येते, लसणाच्या पाकळ्या सुरू होतात.

प्रत्यक्षात पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या निम्म्याहून अधिक लोकांना ठरावीक लक्षणं जाणवतच नाहीत. उलट हातापायांना सतत मुंग्या येणाऱ्या कित्येकांचा रक्तप्रवाह उत्तम असतो. म्हणून या बाबतीत नुसत्या जाणिवेवर भरवसा ठेवू नये. रक्तप्रवाह मोजता येतो आणि त्याची पहिली तपासणी स्वस्त असते, फार वेळही घेत नाही. अमरावती-अकोल्याकडे नेहमी कानावर पडणारे गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती पाहू.

१. ‘पायाले मुंग्या येऊन राह्यल्या, म्हणजे रक्त पोचत नाई.’

मुंग्या, बधिरपणा आणि आग ही बहुतेक वेळा मज्जातंतूंची तक्रार असते. बराच काळचा मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कमरेच्या किंवा मानेच्या मणक्यातला दाब ही त्याची नेहमीची कारणं. कापूस वेचणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईला रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबली असण्याची शक्यता अधिक.

गार हातापायांचंही तसंच. चिखलदऱ्याच्या थंडीत बोटं गार पडणं ही शरीराची स्वाभाविक तजवीज आहे. आतली ऊब राखण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. बोटं आधी पांढरीफटक, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होत असतील, किंवा एकच पाय दुसऱ्यापेक्षा कायम गार लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. मेळघाटातल्या लहान मुलाचे हातपाय सुजून ठणकत असतील, तर मालिश करण्याआधी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी.

२. ‘ऑक्सिमीटर अठ्ठ्यान्नव दाखवते, म्हणजे रक्त बरोबर चालू हाय.’

करोनाच्या साथीत हे यंत्र घरोघरी आलं आणि त्याचा अर्थही ज्याने त्याने लावला. ऑक्सिमीटर रक्तात प्राणवायू किती टक्के मिसळला आहे ते सांगतो. बोटापर्यंत रक्त किती येतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. थोडंच रक्त पोहोचत असेल, पण त्यात प्राणवायू पुरेसा असेल, तर आकडा ९८ येऊ शकतो.

नख दाबून पाहण्याची युक्तीही मर्यादित कामाची. पाचेक सेकंद दाबून सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परतावा, असा नियम आहे. पण खोली थंड असेल तर निरोगी माणसाचंही बोट उशिरा गुलाबी होतं.

३. ‘बीपी नॉर्मल हाय, मंग पायाचं कायले मोजा?’

दंडावरचा रक्तदाब पायाची हकिगत सांगत नाही. पायाची स्वतःची नाडी असते आणि ती दोन ठिकाणी लागते. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या घळीतून बोटं पावलाच्या पाठीवर वर सरकवत नेली की एक. आतल्या घोट्याच्या मागे, टाचेच्या बाजूला दुसरी. काही निरोगी माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून दोन्ही पाहाव्यात. दोन्ही लागल्या नाहीत तर पुढची तपासणी करावी.

ती तपासणी म्हणजे घोटा-दंड निर्देशांक. डॉक्टर त्याला ‘एबीआय’ म्हणतात. रुग्णाला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवतात. दोन्ही दंडांचा आणि मग घोट्याच्या वर पट्टा बांधून दोन्ही पायांचा रक्तदाब घेतात. पायाशी स्टेथोस्कोपऐवजी हातात मावणारा डॉप्लर लागतो. वाहत्या रक्तावर आपटून परतणाऱ्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते, हे त्यामागचं तत्त्व. ते ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलं. प्रत्येक पायाच्या वरच्या दाबाला दोन दंडांपैकी जास्त असलेल्या वरच्या दाबाने भागायचं. दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ९८ असेल, तर निर्देशांक ०.७०.

१.०० ते १.४० म्हणजे ठीक. ०.९१ ते ०.९९ म्हणजे सीमेवर. ०.९० किंवा त्याखाली धमनी अरुंद झाली असं धरतात. ०.४० च्या खाली पाय धोक्यात. मधुमेह्यांनी इथे एक मेख लक्षात ठेवावी: १.४० च्या वरचा आकडा चांगला नसतो. धमन्यांच्या भिंतींत चुना साचून त्या इतक्या कडक होतात, की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा चढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजतात. घरचं स्वयंचलित बीपी यंत्र घोट्याला बांधून हा हिशोब करू नये; दाब कमी असेल तर ते चुकतं.

हातांच्या धमन्यांत अडथळा कमी आढळतो, पण आढळतो. दोन दंडांच्या वरच्या दाबात १५-२० चा फरक वारंवार येत असेल, तर तो यंत्राचा दोष समजून सोडून देऊ नये. तरुण स्त्रीच्या मनगटाची नाडी लागत नसेल, तर ताकायासू नावाचा धमन्यांचा दाह असू शकतो.

४. ‘चाललं का पोटरी दुखते, तं चालाच कायले?’

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा दुखते: धमनी अरुंद झाल्याची ही नमुनेदार खूण. पण त्यावरचा मुख्य उपचार चालणं हाच आहे. दुखेपर्यंत चालायचं, दुखणं मध्यम झालं की थांबायचं, ओसरलं की पुन्हा निघायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान १२ आठवडे. मूळ अडथळा तसाच राहिला तरी स्नायू आहे त्या रक्तात अधिक काम करायला शिकतात आणि न दुखता चालण्याचं अंतर वाढतं. मात्र बसल्या जागी किंवा रात्री पाय दुखत असेल, पायावर जखम असेल किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

अमरावती हे व्यायामाचं गाव. १९१४ पासूनच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पण या दुखण्याला आखाडा लागत नाही. वडाळी तलावाकडचा सकाळचा रस्ता पुरतो.

५. ‘म्या बिडी ओढत नाई, फक्त खर्रा खातो.’

धूर नाही म्हणजे रक्तवाहिन्या सुरक्षित, हा समज विदर्भात घट्ट बसला आहे. सुपारी, चुना आणि तंबाखू घोटून केलेल्या खर्ऱ्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं.

तंबाखूशी थेट जोडलेला एक आजार तर तरुणांचे पाय घेतो. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून तो बर्गरचा आजार. पन्नाशीच्या आतले, बहुधा पुरुष, बहुधा बिडी-सिगारेट ओढणारे. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांत दाह होऊन गुठळ्या बसतात आणि बोटांची टोकं काळी पडत जातात. याच रुग्णांसाठी एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये हाताची एक साधी चाचणी सांगितली. मूठ आवळायची, मनगटाची एक धमनी दाबून धरायची, मूठ उघडायची आणि तळवा किती लवकर लाल होतो ते पाहायचं. आज मनगटातून अँजिओग्राफी करण्याआधी कित्येक डॉक्टर हीच चाचणी थोड्या फरकाने वापरतात.

तंबाखू पूर्ण सुटली तर या आजाराची चाल बहुधा थांबते; बिडी सोडून खर्रा धरला तर तो धुमसत राहतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे.

६. ‘तेल लावून मालिश केली, गरम पाण्यात पाय टाकले का नस मोकळी होते.’

मालिशने कातडी ऊबदार होते, थकलेल्या स्नायूंना बरं वाटतं. धमनीतला अडथळा हलत नाही. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल, तर खोलवरच्या शिरेत गुठळी असू शकते. अशा पायाची मालिश केली तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

गरम पाणी बधिर पायाला भाजतं आणि भाजल्याचं कळतही नाही. पायांखाली उशी घेणं शिरा फुगलेल्यांना सोयीचं, पण धमनी अडलेल्या पायाला रक्त चढावर पाठवावं लागतं आणि दुखणं वाढतं. म्हणूनच असे रुग्ण रात्री पाय खाटेखाली सोडून बसतात. फुगलेल्या शिरांसाठीचे घट्ट मोजेसुद्धा दुकानातून परस्पर आणू नयेत. घोटा-दंड निर्देशांक ०.५० च्या आसपास किंवा खाली असेल, तर तेच मोजे जखम करतात.

७. ‘रक्त घट्ट झालं, पातळ व्हायची गोळी घेतली का झालं.’

पाटात गाळ साचला असेल तर पाणी पातळ करून काय होणार? धमनीत साचतो तो चरबी आणि चुन्याचा थर. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल रक्त पातळ करत नाहीत. त्या थरावर रक्तातल्या बिंबिका चिकटून नवी गुठळी होऊ नये, एवढं त्यांचं काम. थर वाढू नये म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, साखर आणि रक्तदाब यांवर ताबा आणि तंबाखूबंदी लागते. लसूण जेवणात जरूर खावा. औषधाची जागा तो घेत नाही.

८. ‘जखम दुखत नाई, म्हणजे साधीच हाय.’

या गैरसमजाचं उत्तर अमरावतीच्या वेशीवरच आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभी केली. त्याच वर्षी पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं आपोआप सडून गळतात, असं तेव्हा सर्रास मानत. ब्रँड यांनी दाखवलं की रोग मज्जातंतू मारतो, वेदना जाते आणि न जाणवणाऱ्या भाजण्या-कापण्यातून, चालताना पडणाऱ्या दाबातून बोटं झिजत जातात. पुढे हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांना लागू पडलं. तळव्याला टेकवून पाहायचा दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा, ही पायाची संवेदना तपासण्याची साधी चाचणी, आज मधुमेहाच्या दवाखान्यांत चालते.

संवेदना गेलेली आणि रक्तही कमी, असा पाय सर्वांत धोक्याचा. तुरीचं धसकट रुतलं तरी कळत नाही आणि जखम भरायला रक्त पुरत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे कावडी येतात. पुष्कळ शिवभक्त अनवाणी असतात. त्यांतल्या मधुमेह्यांनी निघण्याआधी पाय तपासून घ्यावेत, संवेदना गेली असेल तर पायात काहीतरी घालावं आणि घरी आल्यावर तळवे आरशात नीट पाहावेत.

९. ‘पाय काळा पडला, आता कापाच लागते.’

सरसकट असं नसतं. मेलेला भाग परत येत नाही, पण फुगा घालून धमनी उघडून किंवा पर्यायी मार्ग जोडून वरचा पाय वाचवता येतो. म्हणून कापण्याचा निर्णय होण्याआधी रक्तप्रवाह मोजला का आणि रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाने पाहिलं का, हे दोन प्रश्न विचारावेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात असाल, तर योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारता येतं.

मात्र पाय किंवा हात अचानक पांढरा, गार पडून असह्य दुखू लागला, बधिर झाला, हलेना, नाडी लागेना, तर घड्याळाकडे पाहावं. साधारण सहा तासांत रक्त परतलं नाही तर स्नायू मरू लागतात. धारणीहून घाट उतरून अमरावतीला यायलाच त्यातले तीन-चार तास जातात. अशा वेळी तेल चोळू नये, शेकू नये, पाय उशीवर ठेवू नये. १०८ ला फोन करावा आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया कुठे होते ते आधीच विचारून घ्यावं, म्हणजे अमरावती, अकोला, नागपूर अशी फिरवाफिरव होत नाही.

बाकीच्यांसाठी काम सोपं आहे. पन्नाशी ओलांडली असेल आणि मधुमेह किंवा तंबाखू असेल, किंवा वय ६५ च्या पुढे असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात बीपी दाखवताना चप्पल काढा आणि म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, पायाची नाडीही पाहा.’