हाली, कलदार आणि कंडेन्सर

नांदेड-लातूरकडील ज्या पिढीने निजामी अमदानीचा अस्त आणि व्हॉल्व्हच्या रेडिओचा प्रसार पाठोपाठ पाहिला, तिला नुसत्या अंकावर विश्वास टाकण्याची सवय मुळातच नव्हती. कारण निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी अमलातले सहा कलदार हा हिशेब तिच्या अंगवळणी पडलेला होता, आणि दस्तऐवज हाती आला की सिक्का कोणता, साल फसली की इसवी, याची शहानिशा केल्यावाचून ती पुढे वाचीत नसे. युरोपीय रेडिओच्या सर्किटाचा जीर्ण कागद मेजावर पसरणाऱ्या कारागिराच्या उपयोगी पडली ती हीच चिकित्सक वृत्ती.

त्या कागदांची भाषा एक नव्हती. युद्धपूर्व जर्मन नकाशांत कंडेन्सरचे मूल्य चक्क सेंटिमीटरमध्ये दिलेले असे. लांबीच्या मापाचा विद्युत्संचयाशी संबंध काय, या कोड्याचे उत्तर जुन्या सी.जी.एस. परिमाणपद्धतीत होते, आणि ९०० सेंटिमीटर म्हणजे सुमारे १००० पिकोफॅरड हा भाव एकदा ध्यानात राहिला की हाली-कलदाराचीच रीत लागू पडे. कुठे ‘१०टी’ लिहिलेले असे, त्यातील ‘टी’ हे जर्मन भाषेतील हजाराचे आद्याक्षर. ‘१०के’चा अर्थ तर शेजार पाहूनच लावायचा: रेझिस्टन्सपाशी दहा हजार ओहम, कंडेन्सरच्या दोन समांतर रेघांपाशी दहा हजार पिकोफॅरड, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड. त्यात युरोपात दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम, आणि आपली नजर स्वल्पविरामापुढे हजार शोधणारी.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि दशांशाचा व्यवहार घरोघरी पोहोचला. तरीही पुढे काही वर्षांनी, नांदेडच्या वजिराबादेत उमेदवारी करीत असताना, त्या स्वल्पविरामाने मला फसवलेच. ‘४,७के’मधील चिन्ह कागदाच्या घडीत झिजून गेले होते, मी ४७ हजारांचा रेझिस्टन्स बसवला आणि व्होल्टेज पडून आवाज क्षीण झाला. उस्ताद रागावले नाहीत. काढून टाकलेला जळका रेझिस्टन्स त्यांनी उचलला, काजळी नखाने खरवडली आणि तो दिव्यापाशी धरला: पिवळा, जांभळा आणि तिसरा पट्टा लाल. तो नारिंगी असता तर माझे ४७ हजार बरोबर ठरले असते.

दशांशचिन्हाच्या जागी अक्षरच घालून ‘४के७’ असे लिहिण्याची रीत पुढे रूढ झाली, ती असल्याच पुसट प्रतींचा अनुभव जमेस धरून. तोवर ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला माळ्यावर धाडले होते, आणि हाली सिक्काही व्यवहारातून उठला होता. आजही लातूरहून कुणी वडिलांचा सेट घेऊन येतो, तेव्हा मी आधी तो कोणत्या देशाचा, कोणत्या सालचा, हे विचारतो. अंक त्यानंतर वाचतो.