पोटावरचा शेक : चिनी आणि आपला

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे पेशंट संपत आले होते. अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी मैत्रिणीचा हात धरून आत आली आणि म्हणाली, "काका, भाजलंय." कुठे, म्हणून विचारले तर गप्प. शेवटी मैत्रीणच म्हणाली, "बेंबीच्या खाली." पाहिले तर रुपयाएवढा फोड.

हळूहळू उलगडा झाला. मुलगी परभणीकडची, इथे खोली घेऊन शिकणारी. पाळीच्या पहिल्या दिवशी तिचे पोट इतके दुखते की वर्गात बसवत नाही. मोबाइलवर तिने एका चिनी उपचाराची चित्रफीत पाहिली, पाल्याची कांडी मागवली, ती पेटवून पोटाजवळ धरली. कळ आली, हात हलला आणि निखारा टेकला.

मलम दिले, पण मनात एक प्रश्न राहिला. पोटावर शेक घ्यायचा हे या मुलीला घरी कोणी सांगितले नव्हते का? विचारले तेव्हा म्हणाली, "आजी विटेनं शेकायची. पण रूममध्ये वीट कुठे तापवू? आणि मागू कुणाकडे?"

आमचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेला आश्रम १९०० मध्ये इथल्या माळावर एका झोपडीत आला. १९१६ साली महिला विद्यापीठही इथेच सुरू झाले. आजही गावोगावच्या मुली इथे शिकायला येतात. अण्णासाहेबांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून शरीराविषयी उघडपणे लिहिले. तरी अजून आमच्या मुली दवाखान्यात 'पोट दुखतंय' एवढेच म्हणून खाली मान घालतात.

आता त्या चिनी कांडीविषयी. तिला मोक्सा म्हणतात. आपण देवाला दवणा वाहतो, त्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून कापसासारखी करतात आणि कागदात विडीसारखी गुंडाळतात. टोक पेटवले की ज्वाळा न होता ती धुमसत राहते. उपचार करणारा ती त्वचेपासून इंचभर दूर धरून ठराविक जागांना ऊब देतो. पाळीच्या दुखण्यासाठी बेंबीखाली चार बोटांवरची आणि पायाच्या आतल्या घोट्यावर चार बोटांची, अशा दोन जागा मुख्य. आपण ज्याला अॅक्युपंक्चर म्हणतो त्याच्या चिनी नावातच सुई आणि धग असे दोन शब्द आहेत. म्हणजे निम्मी विद्या शेकण्याचीच.

चिनी वैद्य म्हणतात, गर्भाशयात थंडी शिरली, ती घालवा. आपले वैद्य म्हणतात, वात बिघडला, स्वेदन करा. दोघांची कारणे निराळी, उपाय मात्र एकच.

आधुनिक वैद्यक काय सांगते? पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळा येतात. ज्या मुलींमध्ये ही द्रव्ये जास्त, त्यांना कळा जास्त. मळमळ आणि जुलाबही त्यांच्यामुळेच होतात. तेव्हा 'नाटकं करते' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. उबेमुळे स्नायू सैलावतो, त्या भागात रक्त खेळते आणि त्वचेतून जाणारी उबेची जाणीव दुखण्याचा निरोप मंद करते.

२००१ साली अमेरिकेत सुमारे ८० स्त्रियांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ओटीपोटावर सुमारे ३९ अंश उबेची पट्टी दोन दिवस, रोज १२ तास ठेवली. आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेतल्यावर जेवढा आराम पडला, तेवढाच या पट्टीनेही पडला. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना आराम लवकर मिळाला. म्हणजे आजीची वीट अगदीच अडाणी नव्हती! मोक्सावरही चीनमध्ये पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत, पण त्यांचा दर्जा फारसा भक्कम नाही. साध्या शेकापेक्षा तो सरस आहे, असे त्यांच्यावरून म्हणता येत नाही. शिवाय धूर, आग आणि भाजण्याचा धोका आहेच. बंद खोलीत तर ती कांडी मुळीच पेटवू नये. दम्याच्या मुलीने तिच्या जवळही जाऊ नये.

मग शेक कसा घ्यावा? रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरावी, त्यातली हवा काढून मगच झाकण घट्ट लावावे. पाणी उकळते नको. पिशवी टॉवेलात गुंडाळून बेंबीखाली किंवा कमरेवर १५ ते २० मिनिटे ठेवावी. थोड्या वेळाने पुन्हा घ्यायला हरकत नाही. पिशवी घेऊन झोपू नये. विजेवर तापणारी पिशवी असेल तर प्लग काढल्यावरच अंगाला लावावी. बाम चोळून त्यावर शेक घेऊ नये, कातडी भाजते. महिनोन् महिने फार कडक शेक घेणाऱ्यांच्या पोटावर तपकिरी जाळी उमटते. ती दिसली की समजावे, ऊब जास्त होते आहे. पिशवी नसेल तर तव्यावर गरम केलेले कापड किंवा मिठाची पुरचुंडी आधी हातावर लावून पाहून वापरावी.

गोळी घेतली तर बिघडत नाही, पण ती कळा सुरू होताच आणि काहीतरी खाऊन घ्यावी. जठराचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल, दिवस राहिल्याची शंका असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नये. मेफेनॅमिक अॅसिड आपल्याकडे सर्रास घेतले जाते. त्याच्या एका क्वचित होणाऱ्या, पण गंभीर अॅलर्जीबद्दल केंद्र सरकारच्या संस्थेने २०२३ साली इशारा दिला होता. गोळीनंतर अंगावर पुरळ आणि ताप आला तर गोळी थांबवून डॉक्टर गाठावा.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी शेजारच्या सोसायटीतली अकरावीतली मुलगी दर महिन्याला येई. मी तिला तीन वर्षे तेच सांगत राहिलो, "शेक घे, गोळी घे, लग्न झालं की थांबेल." तिच्या आईलाही ते पटे, कारण तिच्या आईने तिला तेच सांगितले होते. अखेर एकदा ती उलट्यांनी बेजार होऊन आली, तेव्हा सोनोग्राफीला पाठवले. बीजकोशात जुन्या रक्ताने भरलेली मोठी गाठ होती. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर भलत्या जागी वाढणे. ऑपरेशन झाले. बरी झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, पाळी संपल्यावरही दुखतं का, हे तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं."

तेव्हापासून मी प्रत्येकीला विचारतो. आयांनो, तुम्हीही विचारा. साधे दुखणे पाळीबरोबर सुरू होते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि शेक-गोळीने दबते. मात्र पुढीलपैकी काही असेल तर नुसत्या शेकावर राहू नका :

१) दुखणे दर महिन्याला वाढते आहे, किंवा आधी नव्हते आणि पंचविशीनंतर नव्याने सुरू झाले.
२) पाळी नसतानाही, शौचाच्या किंवा संबंधाच्या वेळी दुखते.
३) एक-दोन तासांत पॅड भिजतो, मोठ्या गाठी पडतात.
४) ताप आहे, किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते.
५) पाळी चुकली आणि मग दुखू लागले. गर्भ नळीत असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.
६) एका बाजूला अचानक असह्य दुखते, उलट्या होतात. अपेंडिक्स असू शकते, किंवा बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. इथे शेकत बसणे म्हणजे वेळ घालवणे.

ती परभणीची मुलगी पुढच्या महिन्यात फोड दाखवायला आली. जखम भरली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. दुखणे साधेच निघाले. जाताना तिने सांगितले की, खोलीतल्या चौघींनी वर्गणी काढून एक रबरी पिशवी घेतली आहे आणि ती खिळ्याला टांगून ठेवली आहे, कोणालाही मागायला लाजायला नको म्हणून.

घरोघरी अशी एक पिशवी दिसेल अशा जागी टांगलेली असावी. आणि ती भरून द्यायला भावाने उठावे, त्यात कमीपणा नाही.