श्रवणप्रयोगांतील ध्वनिपातळी-नियंत्रण
संगणकाच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या श्रवणप्रयोगांत श्रोत्याच्या कानाशी पोहोचणाऱ्या ध्वनीची पातळी निश्चित करण्याची व ती कायम राखण्याची पद्धती. संगणकातील अंक ध्वनीचे केवळ सापेक्ष मान दर्शवितात. तरंगाचा परमप्रसर निम्मा केल्यास पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते; परंतु मूळ पातळी किती, हे त्यावरून कळत नाही. ती विवर्धक व हेडफोन यांवर अवलंबून असते. म्हणून हेडफोन कृत्रिम कानावर बसवून ध्वनिपातळीमापकाने प्रत्यक्ष मापन करतात व त्यानंतर सर्व नियंत्रके त्याच स्थितीत ठेवतात. या मापनात २० मायक्रोपास्कल हा संदर्भदाब मानतात. १६ बिटी ध्वनीचा सैद्धांतिक पल्ला सुमारे ९६ डेसिबेल असतो. त्यामुळे अतिक्षीण ध्वनीसाठी अंक लहान करण्यापेक्षा बाह्य क्षीणकारक वापरणे श्रेयस्कर ठरते. आज्ञावलीतील चुकीमुळे अकस्मात निघालेला मोठा ध्वनी कानास अपाय करू शकतो. यासाठी कमाल पातळी उपकरणातच मर्यादित करतात. इंटरनेटद्वारे घरून भाग घेणाऱ्या श्रोत्यांबाबत असे मापन सहसा शक्य नसते. तेथे प्रत्येकाचा श्रवण-उंबरठा प्रथम शोधून पातळी त्याच्या सापेक्ष ठरवितात. अशी दक्षता न घेतल्यास निष्कर्षांतील फरक श्रवणशक्तीचा की उपकरणाचा, हे सांगता येत नाही.