चौदा वाटा आणि पंधरावा कॉल

पावसाळ्यात वसईजवळच्या चिंचोटीच्या धबधब्यावर जायला बंदी घातली तरी पोरं जातातच. रविवारी कामणच्या आसपास रस्त्याकडेला मोटारसायकली लागतात. दुपार कलली की भिजलेली माणसं खाली उतरतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फोन बाहेर काढतात, आणि त्याच वेळी गावातल्या माणसाला शेजारच्या पाड्यावर साधा फोन लागेनासा होतो. ‘टॉवर गेला,’ असं म्हणून तो फोन खिशात टाकतो. टॉवर बहुतेक वेळा गेलेला नसतो. तो भरून वाहत असतो आणि उरलेले कॉल नाकारत असतो. असे किती कॉल नाकारले तरी चालतील, हे मात्र तो उभा राहण्याआधीच कागदावर ठरलेलं असतं.

हिशेबाला सोपा म्हणून जुन्या २जीचा टॉवर घेऊ. जीएसएममध्ये एका कॅरियरवर आठ टाइमस्लॉट असतात. दोन कॅरियर बसवले की झाले सोळा. त्यातले दोन टॉवर आणि फोन यांच्यातल्या निरोपानिरोपीसाठी राखून ठेवले, तर बोलायला उरतात चौदा. त्या टॉवरवर एका वेळी चौदाच कॉल चालू शकतात. पंधराव्याला वाट नाही. मग चौदा वाटांवर किती माणसांचं भागेल? गावात फोन तर हजारो असतील. प्रत्येकाला स्वतंत्र वाट देणं कोणत्याही कंपनीला परवडणार नाही, आणि तशी गरजही नाही, कारण सगळे एकदम बोलत नाहीत. पण ‘सगळे एकदम बोलत नाहीत’ या वाक्याचं गणित करायचं कसं?

ते गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या आग्नर क्रारुप एरलांग यांनी मांडलं. १८७८ साली डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावात, शाळामास्तरांच्या घरात त्यांचा जन्म झाला. १९०८ साली ते कंपनीत लागले. सुरुवातीला हाताखाली कोणी नव्हतं, त्यामुळे जमिनीखालच्या केबलमधले भटके विद्युतप्रवाह मोजायचं कामही त्यांनाच करावं लागे. पुढे हे गणिती गृहस्थ, मागे शिडी घेतलेला कामगार, आणि दोघं मॅनहोलमध्ये उतरताहेत, असं दृश्य कोपनहेगनच्या रस्त्यांवर दिसत असे. १९०९ साली त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध आला. १९१७ च्या निबंधात जी सूत्रं त्यांनी दिली, ती आजही दूरसंचाराच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या काही प्रकरणांतच भेटतात. १९२९ साली, अवघ्या ५१ व्या वर्षी ते गेले. १९४६ साली टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीने वाहतुकीच्या एककाला त्यांचं नाव दिलं. एक वाट सलग तासभर गुंतलेली असली, की तो झाला एक एरलांग.

एरलांग यांनी दोन परिस्थिती वेगळ्या काढल्या. एकीत सगळ्या वाटा भरल्या असताना आलेला कॉल थेट परत जातो. दुसरीत तो रांगेत थांबतो. पहिल्या परिस्थितीच्या सूत्राला दोनच गोष्टी लागतात: वाटा किती, आणि येणारं एकूण बोलणं किती एरलांग. कॉलची सरासरी लांबी ठाऊक असली की पुरे. सासरच्या मुलीशी आई पाऊण तास बोलते की दुकानदार दहा सेकंदांत ‘माल आला’ म्हणून ठेवतो, याने उत्तरात फरक पडत नाही. कुठल्याही गणितात इतकी सूट सहसा मिळत नाही. हे सूत्र शंभर वर्षं टिकलं त्यात या सुटीचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

आता आकडे. चौदा वाटा असतील आणि शंभरातले दोन कॉल नाकारले गेले तर चालेल असं ठरवलं, तर टॉवर ८.२ एरलांग पेलतो. कॉल सरासरी दोन मिनिटांचा धरला तर हे झाले तासाला २४६ कॉल, आणि त्यातले पाचेक परत जाणार. धबधब्याच्या रविवारी कॉल दुप्पट, म्हणजे ४९२ झाले असं समजा. नाकारलेले कॉलही दोनाचे चार टक्के होतील, असा साधा अंदाज कुणीही करेल. सूत्र सांगतं २६.६ टक्के. तासाला सुमारे १३१ कॉल परत. गर्दी पाचपट झाली तर तीनातले दोन. आणि ही परत गेलेली माणसं काही स्वस्थ बसत नाहीत. ती लगेच पुन्हा फोन लावतात, तो प्रयत्न नवा कॉल म्हणून येतो, आणि गर्दी स्वतःच स्वतःला वाढवत नेते. मूळ सूत्रात हा हट्ट धरलेलाच नाही. त्यामुळे खरी परिस्थिती आकड्यापेक्षा वाईटच असते.

हे दोन टक्के कुठून आले? भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २००९ च्या निकषांनुसार मोबाइलच्या बोलण्याच्या वाटांची कोंडी २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि दोन कंपन्यांची जाळी जिथे जोडली जातात तिथली ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असं बंधन होतं. आकडा चांगला आहे. माझी तक्रार तो मोजायच्या पद्धतीबद्दल आहे. कित्येक वर्षं ही कामगिरी अख्ख्या परवाना क्षेत्राच्या तिमाही सरासरीने पाहिली जात होती. अशा सरासरीत एखाद्या गावचा रविवार कुठल्या कुठे विरून जातो. २०२४ च्या नव्या नियमांनी हिशेब तिमाहीऐवजी मासिक केला. हे बरं झालं, पण महिन्यातही रविवार चार-पाचच येतात.

सरासरीपेक्षाही कामणसारख्या ठिकाणाला नडते ती सूत्राच्या पोटातली एक खोड. तेच दोन टक्के धरा. सात वाटा असतील तर २.९४ एरलांग पेलतात, म्हणजे प्रत्येक वाट जेमतेम ४१ टक्के वेळ कामात. चौदा असतील तर ८.२ एरलांग, वाट ५७ टक्के कामात. शंभर असतील तर ८८ एरलांग, आणि वाट ८६ टक्के कामात. माणसं थोडी असली की त्यांच्या लहरी एकमेकांना खोडून काढत नाहीत. खूप असली की एकाची बडबड दुसऱ्याच्या गप्प बसण्याने भरून निघते. म्हणजे अंधेरीतल्या ग्राहकाला जी सेवा द्यायची, तीच कामणमध्ये द्यायची तर यंत्रणेचा मोठा भाग रिकामा ठेवावा लागतो. तिकडे तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचे डोंगर सिग्नलच्या आड येतात, म्हणून आणखी टॉवर हवेत, आणि प्रत्येक टॉवरखाली माणसं आणखी कमी. कंपनीच्या वहीत हे सगळं तोट्यात दिसतं. छोट्या गावात फोन लागत नाही यात निव्वळ दुर्लक्षच असतं असं नाही. गणितही त्याच बाजूला झुकलेलं असतं.

एरलांग यांची दुसरी परिस्थिती, रांगेची, आपल्याकडच्या जुन्या माणसांनी चांगलीच भोगली आहे. ट्रंक कॉल बुक करायचा आणि फोनपाशी बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर होते. जास्त पैसे मोजणारा रांगेत पुढे जाई, आणि ऑर्डिनरीवाल्याचा फोन तेवढाच मागे सरके. १९६० साली कानपूर-लखनौदरम्यान एसटीडी सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली, तेव्हा रांग गेली आणि तिच्या जागी नकार आला. ‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत’ ही बाई पुन्हा पुन्हा ऐकायची आणि डायल फिरवत राहायचं. ऑपरेटरचं काम ग्राहकाच्या बोटावर आलं. त्याला आपण प्रगती म्हटलं, आणि ती होतीही. रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून पिवळ्या पीसीओबाहेर जेवणं उरकून लोक उभे राहायचे. गर्दीचा तास पातळ करायचा हा सरकारी उपाय होता. त्यासाठी कुणाला गणित समजावून सांगावं लागलं नाही.

एसएमएसचा स्वभाव ट्रंक कॉलचा. वाट नसेल तर तो केंद्रात पडून राहतो आणि जमेल तेव्हा पोचतो. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला कंपन्या त्या दिवसापुरते स्वस्त एसएमएसचे पॅक बंद ठेवत, आणि असे दिवस वर्षाला पाचांहून जास्त नकोत असं ट्रायला सांगावं लागलं होतं. शुभेच्छांच्या गर्दीचं निमित्त होतं. गल्ल्यावरही नजर असणार, हे सांगायला नको.

हिशेबाची सगळ्यात महागडी मारामारी २०१६ साली झाली. ५ सप्टेंबरला नवी मुंबईच्या घणसोलीतून कारभार चालवणाऱ्या जिओची सेवा खुली झाली, बोलणं फुकट. जिओचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावतो तेव्हा कॉल दोन जाळ्यांच्या सांध्यावरून जातो. या सांध्यावर ई-१ नावाचे गठ्ठे असतात, एका गठ्ठ्यात बोलण्याच्या तीस वाटा. अर्ध्या टक्क्याच्या निकषाला एक गठ्ठा १९ एरलांग पेलतो, दोन गठ्ठे मिळून जवळपास ४५. शंभरातले ७५ कॉल पलीकडे पोचतच नाहीत, असं जिओ म्हणत होती. फुकट बोलण्याचा लोंढा आमच्यावर सोडलाय, असं जुन्या कंपन्या म्हणत होत्या. सूत्र उलटं लावून पाहिलं तर ७५ टक्के नकाराचा अर्थ असा की, सांध्याच्या ताकदीच्या चौपट कॉल त्यावर आदळत होते, आणि त्यात पुन्हा पुन्हा लावलेले किती, हे सूत्राला कळत नाही. ऑक्टोबरमध्ये ट्रायने एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली.

या सगळ्या आकड्यांखाली एक गृहीतक आहे: प्रत्येकजण आपापल्या मर्जीने, इतरांशी संबंध नसताना फोन करतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, तेव्हा वसई-विरारच्या घराघरातून एकच प्रश्न घेऊन एकाच वेळी फोन फिरवले गेले. तिथे ना मर्जी वेगळी होती ना वेळ. नेटवर्क कोलमडलं. त्यासाठी कितीही वाटा ठेवल्या असत्या तरी अपुऱ्याच पडल्या असत्या.

आता ४जीवर बोलणंही डेटाच्या पाकिटांतून जातं. चौदाची मोजणी गेली, आणि पाकिटं रांगेत थांबतात. रांगेचा साधा नियम असा: वाट ५० टक्के भरलेली असेल तर पाकिटाला रिकाम्या वाटेच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्के भरली की दहापट, ९५ ला वीसपट, ९९ ला शंभरपट. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर कंटेनरच्या मागे अडकलेल्याला हे वेगळं शिकवायला नको. रस्ता जवळजवळ भरला की आणखी दहा ट्रकांनी तासाचे तीन तास होतात. म्हणून ४जीत बोलण्याच्या पाकिटांना व्हिडिओच्या पाकिटांपुढे काढलं जातं. लाइटनिंग कॉल परत आला, फक्त आता तो यंत्र ठरवतं.

पण डेटाने एरलांग यांच्या एका समजुतीला धक्काही दिला. फोनचे कॉल एकत्र केले की गर्दी सपाट होत जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत लेलँड, टाकू, विलिंजर आणि विल्सन यांनी संगणकांच्या जाळ्यावरची वाहतूक मोजली, तर ती सपाट होईना. सेकंदाला पाहा, मिनिटाला पाहा, तासाला पाहा, उसळ्या तशाच. तेव्हापासून या विषयात नवीन गणित घुसलं. पवईच्या आयआयटीतले डी. मंजुनाथ यांनी बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अनुराग कुमार आणि जॉय कुरी यांच्यासोबत २००४ साली लिहिलेलं पुस्तक याच जाळ्यांच्या विश्लेषणाचं आहे.

कामणच्या बाजूने सूत्राकडे पाहिलं तर त्यात एक उपायही आहे. गावात दोन कंपन्यांचे सात-सात वाटांचे टॉवर असतील तर दोघे मिळून ५.८८ एरलांग पेलतात. त्याच चौदा वाटा एकत्र केल्या तर ८.२. एक तारही न वाढवता जवळपास ४० टक्के जास्त. गाव जितकं छोटं तितका हा फायदा मोठा. शहरात शंभर-शंभर वाटा एकत्र करून एवढं हाती लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचं नेटवर्क वापरायची सोय सुरू केली. ती त्याच टॉवरपुरती आहे. बाकीच्या ठिकाणी एकाच्या टॉवरवर वाटा रिकाम्या असताना शेजारच्या टॉवरवर कॉल परत जात राहणार, आणि दोन्ही कंपन्यांचे अभियंते आपापल्या तक्त्यात २ टक्के बरोबर बसवलेले दाखवणार.