हमीचे वजन निधीच्या कलमात

ग्रामविकासाची कोणतीही योजना हाती आली की मी तिचा उद्देश शेवटी वाचतो. आधी शोधतो ते पैसा कोण देणार, किती देणार आणि कोणत्या अटीवर देणार हे सांगणारे कलम. तीन दशकांहून अधिक काळ ग्रामीण विकासाचे धोरण आणि त्यासाठीचा सरकारी निधी हाच माझ्या संशोधनाचा विषय राहिला आहे. मयूर विहारमध्ये राहून हे काम करण्याचा एक लाभ असा, की इथून मेट्रोने ग्रामविकास मंत्रालय गाठता येते आणि थोडे पायी चालले, तर यमुनेच्या खादरात भाजीपाला पिकवणारी, गाव सोडून आलेली कुटुंबेही भेटतात. धोरण आखणारे आणि ज्यांच्या नावाने ते आखले जाते ते, या दोघांतील अंतर मैलांत मोजायचे नसते, हे अशा ठिकाणी लवकर कळते.

निधीवाटप हा केवळ हिशेबाचा भाग नसून न्यायाचा प्रश्न आहे, हे या देशाला ज्यांनी शिकवले, त्यांत धनंजयराव गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची १९३० मध्ये स्थापना झाली, तेव्हापासून साडेतीन दशके ते तिचे संचालक होते. वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी करणारा आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत शेतकऱ्यांबरोबर बसणारा हा अर्थशास्त्रज्ञ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष म्हणून दिल्लीत आला. तोवर राज्यांना योजनांसाठी मिळणारी केंद्राची मदत योजनानिहाय ठरत असे. ज्या मुख्यमंत्र्याचे दिल्लीत वजन, त्याच्या राज्याला झुकते माप मिळण्यास अशा व्यवस्थेत वाव राहतो.

गाडगिळांनी या घासाघिशीच्या जागी सूत्र आणले. चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून (१९६९-७४) आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी बाजूला काढून उर्वरित रकमेचे वाटप असे ठरले : ६० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के राष्ट्रीय सरासरीपेक्षा दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या सिंचन व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के विशेष समस्यांसाठी. गरीब राज्यांना यात फारच कमी मिळते, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. पुढे सूत्रात बदलही झाले. पण टीका करता आली, याचे कारणच हे की सूत्र सर्वांसमोर होते. राष्ट्रीय विकास परिषदेत मुख्यमंत्र्यांनी त्यावर वाद घातला आणि ते मान्य केले. उघड सूत्राशी भांडता येते, मर्जीशी नाही.

याच काळात महाराष्ट्रात दुसरा प्रयोग आकार घेत होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२च्या भीषण दुष्काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. या योजनेविषयी लिहिताना खडी फोडणाऱ्या मजुरांचे चित्र सर्वांना आठवते. मला मात्र तिच्यामागचा व्यवसाय कर अधिक महत्त्वाचा वाटतो. १९७५ पासून शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून हा कर घेतला जाऊ लागला आणि त्यात राज्य सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरले. मुंबईच्या पगारदाराने मराठवाड्यातील मजुराच्या हक्काची किंमत चुकवायची, हा करार कायद्यात लिहिला गेला. म्हणूनच त्या शब्दातील ‘हमी’ला वजन आले.

२००५च्या राष्ट्रीय कायद्याने, म्हणजे आपण ज्याला मनरेगा म्हणतो त्याने, हेच तत्त्व देशपातळीवर नेले. अकुशल मजुरीचा संपूर्ण आणि साहित्याचा तीन चतुर्थांश खर्च केंद्राचा. वेळेत काम दिले नाही, तर बेकारी भत्ता राज्याचा. मागणी वाढली की निधी वाढला पाहिजे, हा त्याचा गाभा. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीनंतर मजूर गावी परतले, तेव्हा ६१,५०० कोटींची तरतूद सुधारित अंदाजात १,११,५०० कोटींवर न्यावी लागली. एरवी मात्र तरतूद आधी ठरे आणि मागणी तिच्या मापाने कापली जाई. वर्षअखेर मजुरी थके, आणि काम मागायला आलेल्या बाईला ‘वरून पैसे आलेले नाहीत’ हे उत्तर मिळे. तिने पुन्हा अर्ज केला नाही, की कागदोपत्री मागणी घटलेली दिसे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी ‘विकसित भारत – जी राम जी’ कायदा संमत केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही त्याची दर्शनी बाजू. निधीचे कलम वेगळे सांगते. बहुतेक राज्यांना आता ४० टक्के वाटा उचलायचा आहे. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांना १० टक्के. प्रत्येक राज्याचा वार्षिक नियतव्यय केंद्र ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याच्या माथी. राज्यांनी जबाबदारी वाटून घ्यावी, हा युक्तिवाद मी मोडीत काढत नाही. महाराष्ट्राने तर केंद्राची वाट न पाहता ती घेतली होती. परंतु महाराष्ट्राकडे मुंबई होती. बिहार-झारखंडकडे ती नाही. मजुरीचा सगळा भार केंद्राकडे असतानाही गरीब राज्ये गरजेच्या मानाने ही योजना कमी राबवत आली. आता प्रत्येक कामाच्या मागे स्वतःचा वाटा शोधायचा असेल, तर मागणी न नोंदवण्याचा मोह वाढेल, घटणार नाही.

याहून मोठा प्रश्न नियतव्यय ठरवणाऱ्या निकषांचा आहे. ते वस्तुनिष्ठ असतील, असे कायदा म्हणतो. पण त्यांची निश्चिती त्याने केंद्रावर सोपवली आहे. ज्या मंचावर गाडगीळ सूत्र घासून-पुसून निघाले, त्या राष्ट्रीय विकास परिषदेची शेवटची बैठक डिसेंबर २०१२ मध्ये झाली. नियोजन आयोग गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या नीती आयोगाकडे वाटायला निधी नाही. चौदाव्या वित्त आयोगाने करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला, हे खरे. पण रोजगारासारख्या योजनांचा पैसा कोणत्या मापाने वाटायचा, यावर राज्यांना हक्काने बोलता येईल अशी जागा उरलेली नाही.

म्हणून मागणी साधी आहे. नियतव्ययाचे निकष आणि त्यांचे भारांक मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत मांडून मान्य करून घ्यावेत, प्रसिद्ध करावेत आणि त्यांत दारिद्र्य, भूमिहीनता व दुष्काळप्रवणता यांना ठळक स्थान द्यावे. दुष्काळ वा महामारीच्या वर्षी वाढीव मागणीचा भार केंद्राने उचलण्याची तरतूद त्यात हवी. महाराष्ट्राने या चर्चेत पुढाकार घेणे स्वाभाविक ठरेल, कारण सूत्र आणि हमी या दोन्ही कल्पनांचा वारसा त्याच्याकडे आहे. दिवस १०० असोत की १२५, मजुराच्या हाती तेवढेच दिवस पडतात जेवढ्यांचे पैसे कोणीतरी द्यायचे बांधील असते.